तीन नंबरचा हात आणि ट्रकचं ग्रीस

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. दचकू नका, कुणाच्या खांद्यावरून निसटून आलेलो नाही. मी पोलादाचा हात आहे, पाच मजली इमारतीएवढा उंच, आणि समुद्रात आत गेलेल्या एका जेटीवर उभा आहे. मला खांदा आहे, कोपर आहे, मनगट आहे. बोटं तेवढी नाहीत. बोटांच्या जागी एक दणकट जबडा आहे, तो जहाजाची नळी घट्ट धरून ठेवतो. माझ्या अंगातून गॅस वाहतो. तुमच्या स्वयंपाकघरात निळ्या ज्योतीने जळतो ना, तसाच. फक्त तो इतका थंड केलेला असतो, की पाण्यासारखा पातळ होतो. खोलीभर गॅस असा थंड केला, तर तो दोन-तीन बादल्यांत मावेल म्हणा ना. म्हणून तर तो जहाजात भरून लांब लांब नेता येतो.

तुम्ही विचाराल, मग साध्या नळीने काम भागत नाही का? नाही भागत. जहाज बांधून ठेवलं तरी स्वस्थ बसत नाही. भरतीला वर चढतं, ओहोटीला खाली उतरतं, वारा सुटला की हळूच सरकतं. ताठ नळी लावली, तर दोन तासांत मोडून पडेल. मला मात्र सांधे आहेत. प्रत्येक सांध्यात गुळगुळीत पोलादी गोळ्यांची रांग आहे, त्यामुळे जहाज जिकडे जाईल तिकडे मी त्याच्याबरोबर वळतो. माझी सगळी हुशारी काय ती या सांध्यांत. सांधा अडला, की मी हात नाही, नुसता खांब. एवढं लक्षात ठेवा, कारण माझी सगळी गोष्ट त्या सांध्यांचीच आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथल्या कारागिराने माझा एकेक जोड असा केला, की बघणाऱ्याला जोड कुठे आहे ते सापडू नये. तरी त्या लोकांचा विश्वास बसला नाही. त्यांनी प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढला. मला थंडगार द्रवाने भरलं, वळवून पाहिलं, पुन्हा भरलं. मी मनात म्हटलं, अहो, पुरे करा आता, सर्दी होईल मला. पण ऐकतात कुठले! शेवटी एका बाईंनी माझ्या अंगावर पितळेची पाटी बसवली. माझं शरीर किती थंडी सोसू शकतं, ते तिच्यावर कोरलं होतं. उणे एकशे शहाण्णव अंश. खोटं कशाला बोलू, त्या पाटीचा मला भारी अभिमान होता.

जेटीवर आम्हा चौघा भावांना ओळीने उभं केलं. कामगारांनी आम्हाला नावं नाही दिली, नंबर दिले. मी तीन नंबर. चौथा अंगाने बारीक. तो जहाजाच्या टाकीतली वाफ इकडून तिकडे नेतो. त्याला काम कमी आणि तोरा जास्त.

आमची देखभाल जेटीच्या टोळीकडे होती. त्या टोळीचा मुकादम म्हणजे एक ठेंगणा, जाड भुवयांचा फिटर. त्याला सगळे मामा म्हणतात. त्याचं असं झालं, की कंट्रोल रूममध्ये त्याची सख्खी भाची कामाला लागली. पहिल्याच दिवशी तिने वॉकी-टॉकीवर विचारलं, "मामा, व्हॉल्व्ह उघडू का रे?" हे सगळ्या जेटीने ऐकलं. झालं! तेव्हापासून तो जगाचा मामा झाला. मोठे साहेब त्याच्याहून वयाने मोठे, पण तेही त्याला मामाच म्हणू लागले.

सुरुवातीची चार वर्षं काय वर्णावीत! महिन्याला सहा-सात जहाजं यायची. दूरच्या देशांतून गॅस घेऊन यायची, आणि आम्ही तो उतरवून किनाऱ्यावरच्या टाक्यांत सोडायचो. माझ्या अंगावर पांढराशुभ्र बर्फ साचायचा. मामा खाली उभा राहून डोळ्यांत तेल घालून माझ्या सांध्यांकडे बघत राहायचा. तेव्हा देशात गॅस कमी होता आणि भाव चढे होते. ज्याच्याकडे गॅस तो सांगेल ती किंमत, अशी परिस्थिती. म्हणून तर जहाजातून गॅस उतरवायचं एवढं टर्मिनल बांधलं होतं. मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे, माझ्यासमोर उभं करून फोटो काढायचे आणि म्हणायचे, "या हातांवर शहर चालतंय आपलं!" मी तेव्हा अगदी हवेत असायचो. म्हणजे तसा मी हवेतच असतो, पण तेव्हा जास्त.

मग हळूहळू जहाजं कमी झाली. महिन्याला चार, मग दोन. एकदा तर पूर्ण महिना कोरडा गेला. त्या महिन्यात एकदा मामा माझ्या पायाशी चहाचा कप घेऊन बसला होता. शिफ्ट संपवून भाची तिथे आली.

"तायडे, जहाजं रुसली का गं आपल्यावर?" मामाने विचारलं.

"रुसली नाहीत, दुसरीकडे चाललीत. आपल्याला आता बाहेरून गॅस आणायची फारशी गरजच राहिली नाही."

"का? लोकांनी जेवण सोडलं की काय?"

"मामा, चेष्टा नको. आपल्याच जमिनीत सापडलाय. आईच्या गावाबाहेर ते उंच ड्रिल उभं केलंय ना, तिथे."

मग तिने जेटीवरच्या धुळीत बोटाने आकृती काढली आणि त्याला समजावून सांगितलं. जमिनीच्या खूप खोल शेल नावाचा एक खडक असतो. जुन्या चिखलाचे थर एकमेकांवर दाबले जाऊन तो तयार झालेला असतो, वहीच्या पानांसारखे थर असतात त्याला. त्या थरांत गॅस आहे, हे लोकांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पण खडक इतका घट्ट, की गॅस बाहेर सोडेचना. मग लोकांनी युक्ती काढली. आधी दोन-तीन किलोमीटर सरळ खाली भोक पाडायचं. मग ड्रिल आडवं वळवायचं आणि त्या थरातूनच लांबवर न्यायचं. मग पाणी, वाळू आणि थोडी रसायनं प्रचंड दाबाने आत सोडायची. खडकाला बारीक बारीक भेगा पडतात. वाळूचे कण त्या भेगांत अडकून बसतात, त्यांना मिटू देत नाहीत, आणि गॅस वाट काढत वर येतो.

मामाने ती आकृती वाकून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या बहिणीच्या परसात भोक पाडलं, आणि इथे माझी जहाजं गेली. तुझ्या आईने माझ्या पोटावर पाय दिला म्हण की!"

"आईला सांग हे, मग बघ काय म्हणते ती."

मामाने खरंच तिथूनच फोन लावला. बहिणीचा आवाज एवढा खणखणीत, की मलाही वर कोपरापर्यंत ऐकू आला. ती म्हणाली, "तुझी जहाजं गेली, तर इथे रोज शंभर ट्रक येतात! पाण्याचे ट्रक, वाळूचे ट्रक. दोरीवर कपडे वाळत घालायची सोय राहिली नाही. ये इकडे राहायला आणि धूळ खा!" पण ती नुसती कुरकुरत बसणाऱ्यांतली नव्हती. गावातल्या बायकांना घेऊन तिने ड्रिलवाल्यांच्या ऑफिसात ठाण मांडलं. विहिरींचं पाणी दर तीन महिन्यांनी तपासायचं आणि ट्रकसाठी गावाबाहेरून वेगळा रस्ता करायचा, हे लिहून घेतलं, आणि मगच उठली. ते ऐकल्यावर मामा महिनाभर टोळीला सांगत होता, "बहीण कुणाची आहे शेवटी!"

ही गोष्ट खरी, की देशाचं भलं झालं. गॅस मुबलक झाला, त्याचे भाव उतरले. कोळसा जाळणाऱ्या कितीतरी भट्ट्या गॅसवर आल्या, धूर कमी झाला. आमच्याकडे येणारी जहाजं दुसऱ्या देशांकडे वळली. त्या देशांत वर्षानुवर्षं एकाच विकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसलेले लोक होते, त्यांना आता म्हणता आलं, तुमचा भाव जास्त आहे, आम्ही जहाजातून घेतो. सगळ्यांचं बरं झालं. फक्त आम्हा चौघांची गरज संपली. मित्रांनो, आपल्यावाचून जगाचं अडत नाही हे कळलं, की कसं वाटतं, ते मला विचारा.

शेवटचं जहाज गेलं आणि पुढची सात वर्षं एकही आलं नाही. टोळीत बारा माणसं होती, पाच उरली. फोटो काढायला कुणी फिरकेना. समुद्री पक्ष्यांनी माझ्या खांद्यावर घरटं केलं आणि जी काही नासधूस केली ती सांगण्यासारखी नाही. तरी आमच्या मामाने नेम सोडला नाही. दर गुरुवारी तो आम्हाला एकेक करून फिरवायचा. खांदा, कोपर, मनगट. जहाज नाही, गॅस नाही, तरी पूर्ण फेरी. मग नोंदवहीत लिहायचा, 'हलवला, ठीक आहे.' टोळीत एक कायम बडबडणारा गडी आहे, त्याला रेडिओ म्हणतात. तो विचारायचा, "मामा, कुणासाठी चाललाय हा व्यायाम?" मामा म्हणायचा, "तुझं तोंड नाही का चालत रोज? त्याचा तरी कुणाला उपयोग आहे?"

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मामाने त्या वहीत लिहिलं नाही.

माझ्या सांध्यांना तेल, ग्रीस काही लागत नाही. उलट ते चालतच नाही. त्यांना लागतो कोरडेपणा. म्हणून एका बारीक नळीतून माझ्या सांध्यांत कायम कोरडा नायट्रोजन सोडलेला असायचा. पण टर्मिनल बंद पडल्यावर वरून हुकूम आला, की जेटीवरचा नायट्रोजन बंद करा. खारी हवा माझ्या सांध्यांत शिरू लागली. दुसऱ्याच वर्षी माझं कोपर करकरायला लागलं. तो आवाज ऐकून मामाचा चेहरा असा झाला, जणू त्याचंच हाड दुखतंय. पुढच्या गुरुवारी तो घरून एक डबा घेऊन आला. डब्यावर ट्रकचं चित्र होतं. गॅरेजमध्ये ट्रकच्या चाकांना लावतात ते ग्रीस. त्याने माझा प्रत्येक सांधा त्या ग्रीसने भरला, आणि माझ्या भावांचेही भरले. करकर थांबली. मी लोण्यासारखा वळू लागलो. मला तर फार बरं वाटलं.

मामाला कळत नव्हतं असं नाही. साधं ग्रीस कडाक्याच्या थंडीत दगड होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्याने विचार केला, जहाज काही येत नाही, मग थंडी येणार कुठून? गंज तरी लागणार नाही. आणि जहाज येणार असं कळलं, तर त्याच्या आधी धुऊन काढू. असं म्हणता म्हणता वर्षं गेली.

आणि मग एके दिवशी खरंच कळलं. जमिनीखालून निघणारा गॅस इतका वाढला, की देशात घ्यायला गिऱ्हाईक पुरेना. गॅसच्या काही विहिरी तर झाकून ठेवाव्या लागल्या. तिकडे समुद्रापलीकडे लोक जास्त किंमत द्यायला तयार होते. कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला, की आपल्याकडे टाक्या आहेत, खोल पाणी आहे, जेटी आहे, हात आहेत. सगळं आहे, फक्त गॅस थंड करणारा कारखाना तेवढा बांधायचा. म्हणजे ज्या दाराने आत आणायचा, त्याच दाराने बाहेर पाठवायचा. पुढची चार वर्षं किनाऱ्यावर नुसते क्रेन आणि ठोकाठोक. बांधकामाची धूळ नको म्हणून आमच्यावर ताडपत्री घातली होती, तिच्या भोकातून मी बघत राहायचो.

कारखाना तयार झाला. बाकी राहिली आमची परीक्षा. जुने हात पास झाले, तर तेच चालवायचे आणि मामाची टोळी कायम राहणार. नापास झाले, तर आम्ही भंगारात. मग नवे हात मागवायचे, ते चौदा महिन्यांनी येणार, आणि त्यांच्याबरोबर त्या कंपनीची माणसं येणार. मामाच्या निवृत्तीला तीन वर्षं होती. टोळीतल्या बाकीच्यांची तर लेकरं शाळेत होती. आणि पहिलं जहाज बारा दिवसांवर आलं होतं.

परीक्षेच्या आठवड्यात मामाचं जेवणावरून मन उडालं. तो सारखा माझ्या कोपराकडे बघायचा. सांधे धुवायचे, तर ते उघडावे लागणार. उघडायचे, तर का ते सांगावं लागणार. आणि टर्मिनलचा नियम साधा होता, न लिहिता काम करणाऱ्याला घरचा रस्ता.

तपासायला एक मॅडम आल्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत तपासलं. माझे जोड पाहिले, माझा जबडा उघडून पाहिला. मग त्यांनी मला वळवणाऱ्या यंत्राचा दाब काढून टाकला आणि मला नुसत्या हाताने ढकललं. मी अलगद वळलो. त्यांनी पुन्हा ढकललं, या वेळी दोन बोटांनी. मी पुन्हा वळलो.

"सोळा वर्षांचा हात, त्यातली अकरा रिकामी, आणि सांधा बघा!" त्या म्हणाल्या. "करता काय तुम्ही याला?"

"दर गुरुवारी हलवतो," मामा म्हणाला.

"पोटच्या पोरासारखं सांभाळलंय मॅडम, मामांनी," रेडिओ मध्येच बोलला. मोठे साहेब खूश होऊन हसले. मॅडमनी पेन काढलं.

मित्रांनो, तुमच्यापासून लपवत नाही. त्या क्षणी मलाही वाटलं, की मामाने गप्प बसावं. सही होऊ दे. मला भंगारात जायचं नव्हतं. मला पुन्हा एकदा जहाज धरायचं होतं. पण पुढचं चित्रही मला दिसत होतं. जहाज लागणार, थंड गॅस माझ्यात शिरणार, सांध्यातलं ग्रीस दगड होणार. ओहोटी सुरू होऊन जहाज खाली जाईल आणि मी त्याच्याबरोबर वळू शकणार नाही. मी मोडेन, आणि माझ्याखाली उभा असेल मामा. किंवा रेडिओ. मला तोंड आहे, पण ते बोलायचं नाही. मी काय करणार होतो?

"मॅडम, थांबा," मामा म्हणाला. "सही करू नका."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"सांधा नायट्रोजनमुळे मऊ नाही. मी ग्रीस भरलंय आत. ट्रकचं. चारही हातांत. नऊ वर्षं झाली. हा गार झाला की अडणार."

रेडिओसुद्धा बंद पडला, यावरून काय ते ओळखा. मोठ्या साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "मामा, तुम्हाला कळतंय का काय बोलताय? नोंद कुठे आहे याची?"

"नाही केली."

"मग घरी जा तुम्ही. आत्ताच्या आत्ता. कार्ड ठेवा आणि जा!"

मॅडम दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर बसल्या आणि लिहू लागल्या. दोन पानं लिहिली. मग मान वर न करता म्हणाल्या, "हे सगळं अहवालात जाणार. तुमच्या हुद्द्यासकट, स्पष्ट."

"जाऊ द्या मॅडम," मामा म्हणाला.

"सांधे उघडून धुवायला किती दिवस?"

"चारही? आठ."

"सहा मिळतील. मग मी स्वतः गार करून बघणार, त्याशिवाय जहाज लागणार नाही." मग त्या मोठ्या साहेबांकडे वळल्या. "यांना घरी पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण हे सांधे आत कसे आहेत ते दुसऱ्या कुणाला माहीत आहे का?"

साहेबांनी टोळीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, मग घड्याळाकडे पाहिलं. "सहा दिवस," ते म्हणाले, आणि तरातरा निघून गेले.

वॉकी-टॉकी चालू राहिला होता, त्यामुळे कंट्रोल रूममध्ये भाचीने सगळं ऐकलं होतं. ती धावतच जेटीवर आली. तिला रडूही येत होतं आणि रागही.

"मला तरी सांगायचंस ना मामा! नऊ वर्षं?"

"तुला सांगितलं असतं, तर तुलाही गप्प बसावं लागलं असतं," मामा म्हणाला. "माझं ओझं तुझ्या डोक्यावर कशाला?"

"आणि ते जहाज लागलं असतं तर? व्हॉल्व्ह मी उघडणार होते, मी!"

मामाने तिच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, पण तो ग्रीसने माखलेला होता, म्हणून तसाच खाली घेतला. भाचीने तो हात धरला आणि आपल्या ओढणीला पुसला.

मग सहा दिवस जे काम झालं, तसं काम मी आजवर पाहिलं नाही. माझे सांधे उघडले. आत काळपट, घट्ट झालेलं ग्रीस निघालं, थेट आतल्या कडीपर्यंत पोचलेलं. पोलादी गोळ्या एकेक करून काढल्या, धुतल्या, पुसल्या, मोजल्या. रेडिओ गोळ्या मोजत होता आणि मध्येच बोलायचा, मग आकडा विसरायचा, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी मामाने त्याच्या तोंडात फडकं कोंबायची धमकी दिली. खराब झालेल्या कड्या बदलल्या. नायट्रोजनची बारीक नळी पुन्हा जोडली. अकरा वर्षांनी माझ्या सांध्यांत कोरडी हवा शिरली, आणि मला आठवलं, की हे असं असायला हवं होतं.

सहाव्या दिवशी मॅडमनी द्रव नायट्रोजनचा टँकर बोलावला. तो तर गॅसपेक्षाही थंड. उणे एकशे शहाण्णव, माझ्या पाटीवरचा आकडा. तो माझ्यात शिरला तशी माझ्या अंगावर आधी ओल आली, मग पांढरी बुरशी धरावी तसा बर्फ. मी आकसलो. माझी कडी न् कडी आवळली गेली. खाली टोळी ओळीने उभी. मामाने डोळे मिटले होते. मॅडमनी ढकललं. मी हललो नाही.

त्यांनी पुन्हा ढकललं, या वेळी खांदा लावून. बर्फाचा एक पापुद्रा कडकन फुटला, खाली पडला, आणि मी वळलो. सावकाश, पण कुठेही न अडता. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"बर्फच होता वरचा," मॅडम म्हणाल्या. "सांधा ठीक आहे." मामाने डोळे उघडले. रेडिओ एवढ्या जोरात ओरडला, की माझ्या खांद्यावरचे पक्षी उडाले.

मामाला शिक्षा झालीच. त्याचं मुकादमपद गेलं, तो साधा फिटर झाला. नवा मुकादम कोण झाला असेल? रेडिओ! मामा म्हणाला, "आता हा बोलणार आणि मी ऐकणार. याहून मोठी शिक्षा साहेबांना सुचली नसती."

ठरल्या दिवशी जहाज आलं. मी त्याची नळी धरली, आणि गॅस वाहू लागला. या वेळी उलट्या दिशेने. आयुष्यभर घेत आलो होतो, आता देत होतो. मामाने बहिणीला फोन लावला. "काय गं, तुझ्या गावाखालचा गॅस आत्ता माझ्या हातातून चाललाय बघ. कुठे? समुद्रापलीकडे. तिकडे थंडी पडलीय म्हणे." पलीकडून ती काय म्हणाली ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण मामा बराच वेळ हसत होता. जहाज ओहोटीबरोबर हळूहळू खाली गेलं, आणि मी त्याच्याबरोबर गेलो.

त्याला आता तीन वर्षं होत आली. जहाजं नियमित येतात. गॅसचे दिवस कायम राहतील असं मी म्हणत नाही. भाची म्हणते, की पुढे वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेवर जास्त काम चालेल, आणि ते चांगलंच होईल. तेव्हा मला काय वाहावं लागेल कोण जाणे. पण माझे सांधे शाबूत आहेत, म्हणून मला त्याची भीती वाटत नाही.

मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय. टोळीत आता पुन्हा बारा माणसं झालीत. नवं माणूस आलं, की मामा त्याला आधी माझ्यापाशी आणतो, शिडीवरून वर चढवतो आणि माझ्या कोपरावर टिचकी मारतो. "इथे मी चुकलो होतो," असं म्हणतो आणि सगळं सांगतो. कुणी विचारलेलं नसतं. डब्यावरच्या ट्रकच्या चित्रासकट सांगतो. नवी माणसं आधी हसतात, मग गंभीर होतात. परवा एकाने त्याला विचारलं, की मामा, ही तुमची चूक आता कुणाला माहीतही नसती, कशाला सांगता? मामा म्हणाला, "याला बोलता येत नाही ना, म्हणून."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र असेल, सायकल असेल, पंखा असेल, नाहीतर कोपऱ्यात बसलेलं एखादं म्हातारं माणूस असेल. त्यांची काळजी जरूर घ्या. पण आपल्याकडे जे आहे ते त्यांच्यावर थापू नका. त्यांना काय लागतं, ते आधी विचारा, शोधा, माहीत असलेल्याकडून शिकून घ्या. आणि कधी चुकलात, तर सांगून टाका, कारण आमच्यासारख्यांना ते सांगता येत नाही. माझ्या वतीने त्या दिवशी एक माणूस बोलला. तो स्वतःच्या विरुद्ध बोलला. म्हणून मी आज उभा आहे, आणि माझ्याखाली बारा माणसं बिनधास्त चहा पितात.